पलतड : सात दिवस, पाच खाड्या आणि एक कौल

दिवस पहिला : भाऊचा धक्का ते रेवदंडा

माझी भाची सहा वर्षे इटलीत राहून कायमची परत आली, तेव्हा तिच्या सामानात एक पदवी, कॉफी करण्याचे ॲल्युमिनियमचे एक काळवंडलेले भांडे आणि आमच्या ग्रामदैवताविषयीची, म्हणजे रवळनाथाविषयीची, एक तक्रार होती. तक्रार जुनी होती. ती दहा वर्षांची असताना माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, गावच्या देवळात कौल लावला होता. ज्यांना ही पद्धत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते की, आमच्याकडे देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, मानकरी गाऱ्हाणे घालतात, जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार असे मानतात. देव बोलत नाही. तो केवळ हो किंवा नाही म्हणतो, त्यामुळे प्रश्न कसा विचारला यावरच सारे अवलंबून असते. आईने तीन प्रश्न विचारले होते. लग्न गावात होईल काय? डावा. मुंबईत होईल काय? डावा. पाण्याच्या पलतडी होईल काय? उजवा.

पलतड म्हणजे पाण्याचा पलीकडचा काठ. आमच्या घरात त्याचा अर्थ परदेश असा लावला गेला, कारण त्या सुमारास शेजारच्या घरातला मुलगा नुकताच मस्कतला गेला होता आणि आमच्या वाडीला समुद्राची ओळख त्याच दिशेने होती. भाचीने हा अर्थ आधी थट्टेत आणि मग अधिकाधिक गंभीरपणे घेतला. तोरिनोला शिकायला जाताना तिने विद्यापीठाच्या दर्जाबद्दल अनेक कारणे सांगितली, पण विमानतळावर माझ्या कानाशी लागून ती म्हणाली होती, “मावशी, पलतड!”

आता ती 34 वर्षांची आहे, अविवाहित आहे आणि तिला देवाला जाब विचारायचा आहे. मी नुकतीच शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाले असल्यामुळे सोबत म्हणून माझी नेमणूक झाली. महामार्गाने एका दिवसात गावी पोहोचता आले असते, परंतु किनाऱ्याकिनाऱ्याने, वाटेतली प्रत्येक फेरीबोट घेत जायचे, असा तिचा हट्ट होता. “सात समुद्र करून झाले,” ती म्हणाली, “आता खाड्या तरी मोजू.”

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून गाडीसह रो-रो बोटीत चढलो. मांडव्याला पोहोचायला साधारण तासभर लागतो. मार्गशीर्षातली स्वच्छ हवा होती आणि कुरव पक्षी बोटीच्या मागे लागले होते. वरच्या डेकवर उभे राहून भाचीने मला व्हेनिसची हकिकत सांगितली. व्हेनिसच्या मोठ्या कालव्यातून एक क्रमांकाची प्रवासी बोट जाते आणि जवळपास प्रत्येक धक्क्यावर थांबते. त्या बोटीवर तिला करड्या कोटातला एक तरुण सलग तीन दिवस दिसला. चौथ्या दिवशी तो दिसला तेव्हा हा कौलच आहे असे समजून ती त्याच्याशी बोलायला गेली. त्याने सौजन्याने कॉफी पाजली आणि सांगितले की, ज्या गावात गाड्यांना रस्ते नाहीत आणि सारी ये-जा मोजक्या बोटींवर चालते, त्या गावात माणसे एकमेकांना रोजच भेटतात. त्याला ती तर आठवतही नव्हती.

अलिबागच्या अलीकडे नवगावला आम्ही मुद्दाम थांबलो. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत किनाऱ्याला लागली. ही माणसे पुढे तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी काम बंद ठेवत असल्यामुळे लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. भाची स्मारकासमोर बराच वेळ उभी होती. “सात आणि सात,” ती म्हणाली, “म्हणजे निवडीला फारसा वाव नव्हता.” मला हसू आले, पण खाऱ्या पाण्याने ओलेचिंब होऊन वाळूवर बसलेल्या त्या चौदा जणांनी पहिल्या संध्याकाळी एकमेकांकडे कसे पाहिले असेल, हा विचार रेवदंड्याला पोहोचेपर्यंत मनातून गेला नाही.

दिवस दुसरा : कोर्लई, आगरदांडा, श्रीवर्धन

रेवदंड्याचा पूल ओलांडला की कुंडलिकेच्या पलतडीला कोर्लई लागते. या गावातल्या ख्रिस्ती वाडीत आजही पोर्तुगीज वळणाची एक बोली बोलतात आणि तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, एवढेच म्हणतात. पोर्तुगीज 1740 साली हा किनारा सोडून गेले, बोली राहिली. भाचीने तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंशी इटालियनमध्ये बोलून पाहिले. दोन-चार शब्द जुळले, बाकीचे जुळले नाहीत, तेव्हा त्या बाईंनी अस्खलित मराठीत विचारले, “लग्न झालं का?” परदेशी भाषेचा प्रवास शेवटी याच प्रश्नापाशी येतो, असे भाचीचे म्हणणे पडले.

दुपारी मुरूडवरून आगरदांड्याला आलो. समोर राजपुरीची खाडी, उजव्या हाताला दूरवर जंजिऱ्याचे बुरूज. इथून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीला सगळे जंगलजेट्टीच म्हणतात. चपटा लोखंडी तराफा, त्याला पुढे-मागे उघडणारी दारे, आणि त्यावर ट्रक, दुचाक्या, कोंबड्यांच्या जाळ्या आणि शाळकरी मुले अशी सरमिसळ. लाल पिशवी मोटारसायकलला बांधलेला एक उंच तरुण आमच्या गाडीला टेकून उभा राहिला आणि मग ओशाळून बाजूला झाला. भाचीने त्याच्याकडे एकदा पाहिले. मी ते टिपून ठेवले, कारण बत्तीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या बाईच्या नजरेतून असे काही सुटत नाही.

मुक्काम श्रीवर्धनला. पेशव्यांच्या या मूळ गावी आता त्यांच्यापेक्षा सुपारीची मिजास अधिक आहे. रात्री मोकळ्या अंगणात कुळथाची पिठी आणि भात जेवलो.

दिवस तिसरा : बाणकोटची खाडी

बागमांडल्याहून वेसवीला जाणारी बोट सावित्री नदीच्या मुखावरून जाते. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळते आणि रायगड व रत्नागिरी हे दोन जिल्हे वेगळे करते. नदीच्या नावामागची कथा ब्रह्मदेवाच्या पत्नीची आहे, सत्यवानाच्या सावित्रीची नाही. हे मी भाचीला बजावून सांगितले, कारण आमच्या शाळेत दर वर्षी निम्मा वर्ग ही चूक करीत असे. परंतु नाव एकच असल्यामुळे बोट सुटल्यावर बोलणे त्या दुसऱ्या सावित्रीवरच गेले, आणि ते बरेच झाले.

वटपौर्णिमेच्या पूजेमुळे आपल्याला सावित्री वडाखाली बसलेली, यमाशी वाद घालणारी अशीच आठवते. कथेचा आरंभ मात्र वेगळा आहे. तिच्या तेजामुळे तिला मागणी घालायला कोणी पुढे येईना, तेव्हा मद्रदेशाचा राजा अश्वपती याने आपल्या मुलीला सांगितले की, तुझा वर तूच शोधून आण. ती रथात बसून, म्हाताऱ्या मंत्र्यांना बरोबर घेऊन, वनावनांतून आणि आश्रमांतून हिंडली आणि राज्य गेलेल्या आंधळ्या राजाच्या मुलाला मनाने वरून परतली. तिथे नारदमुनी बसलेले होते. मुलगा गुणी आहे पण त्याचे आयुष्य एक वर्षाचेच उरले आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे नशीब काय आहे हे लग्नापूर्वीच, आणि तेही नारदाच्या तोंडून, तिला कळले होते. तरीही तिने दुसरा वर पाहायला नकार दिला.

“म्हणजे तिने आधी निवडलं आणि भविष्य नंतर ऐकलं,” भाची कठड्याला रेलून म्हणाली. “मी उलट केलं. आधी भविष्य ऐकलं आणि मग त्यात बसणारा माणूस शोधत फिरले.” मग तिने रोमची हकिकत सांगितली. रोमला सांता मारिया इन कॉस्मेदिन या चर्चच्या ओसरीत संगमरवराची एक प्रचंड गोल शिळा आहे आणि तिच्यावर उघड्या तोंडाचा दाढीवाला चेहरा कोरलेला आहे. खोटे बोलणाऱ्याने त्या तोंडात हात घातला तर चेहरा हात तोडतो, अशी समजूत. तिथे प्रवासी रांग लावून, हात घालून फोटो काढतात. भाचीचा त्या वेळचा मित्र, ज्याच्याशी तिची ओळख समुद्रकाठच्या गावात झाली होती आणि म्हणून ज्याला ती पलतडीचा मानत होती, तो रांगेत अर्धा तास उभा राहिला आणि त्याची पाळी आल्यावर हात खिशात घालून बाहेर पडला. आठवड्याने कळले की, मिलानमध्ये त्याचा साखरपुडा झालेला होता.

“बिचारा देवभोळा होता,” मी म्हणाले.

“नाही मावशी, प्रामाणिक होता. हात घातला नाही ना!”

वेसवीच्या धक्क्यावर लाल पिशवीची मोटारसायकल आमच्या पुढून उतरली. भाची काही बोलली नाही, परंतु केळशीपर्यंत तिने आरशात तीनदा केस सारखे केले.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेऊन आणि हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहून दापोलीजवळच्या मुरूडला मुक्काम केला. हे धोंडो केशव कर्व्यांचे गाव. पहिली पत्नी वारल्यावर 1893 साली त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला आणि याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आज गावात त्यांचा पुतळा आहे. नारळी-पोफळीच्या त्या देखण्या, शिस्तशीर पाखाडीवरून फिरताना मला वाटत होते की, जन्मगाठी स्वर्गात बांधल्या जातात असे म्हणणारा आपला समाज ती गाठ दुसऱ्यांदा बांधायची म्हटली की लगेच स्वर्गाचा कारभार आपल्या हाती घेतो.

दिवस चौथा : दाभोळ, धोपावे, गुहागर

दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट 2003 साली सुरू झाली. त्याआधी गाडी पलीकडे न्यायची तर वाशिष्ठीला चिपळूणपर्यंत वळसा घालावा लागे. समोरच्या काठावरच्या घराचा दिवा दिसायचा, पण तिथे पोहोचायला अर्धा दिवस. कोकणात खाडीपलीकडे मुलगी देणे म्हणजे ती दूर देशी देणे असे जे मानत, त्याचे कारण अंतर नव्हे, पाणी हे होते.

आमचा नंबर लागायला वेळ होता. भरती-सुकतीचे बोलणे निघाले, आणि मी भाचीला माझ्या पहिल्या शाळेची गंमत सांगितली. आमच्या गावच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक कर्ली खाडीच्या पलतडीहून रोज होडीने येत. भरती असली की होडी थेट धक्क्याला लागे. सुकती असली की ती चिखलाअलीकडे थांबे आणि सर चपला हातात घेऊन, पोटऱ्यांपर्यंत चिखल तुडवीत येत. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे त्यांचा उशीरही त्याच नेमाने पुढे सरके. हजेरीपट माझ्याकडे होता. मी त्यांच्या नावापुढे लाल शाईने वेळ लिहीत असे, आणि ते रहाटावर पाय धुऊन, ओल्या पावलांची नक्षी ओसरीवर उमटवीत येऊन निमूटपणे सही करीत.

“एकदा तर त्यांनी हजेरीपटात सुरंगीच्या फुलांचा गजरा, आपला वळेसर, ठेवला होता,” मी सांगितले. “पानाला पिवळा डाग पडला. शाळेचे दप्तर खराब केले म्हणून मी त्यांना लेखी समज दिली.”

भाचीने माझ्याकडे वळून पाहिले. “वळेसर. तुझ्या हजेरीपटात. आणि तू मेमो दिलास?”

“लाल शाईने,” मी म्हणाले. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला.

लाल पिशवीवाला याही बोटीवर होता. या वेळी त्याने ओळखीचे हसून मान हलवली. गुहागरला व्याडेश्वराच्या देवळात भाचीने घंटा नको तितक्या जोरात वाजवली.

दिवस पाचवा : तवसाळ, जयगड, रत्नागिरी

शास्त्री नदीच्या मुखावरची तवसाळ-जयगड बोट. तो आमच्याआधीच येऊन उभा होता. भाची गाडीतून उतरली, दोन पावले गेली आणि थांबली. तो स्वतःच आमच्याकडे आला, लाल पिशवीत हात घातला आणि हळदीकुंकवाची बोटे उमटलेली लग्नपत्रिका त्याने माझ्या हातात ठेवली. श्रीवर्धन, दापोली, गुहागर असे करीत तो नातेवाइकांना आमंत्रणे देत निघाला होता. रत्नागिरीला त्याचे घर. चार बोटी बरोबर केल्या म्हणजे आता ओळखच झाली, असे तो म्हणाला. “मावशी, तुम्ही दोघींनी यायचंच हां.”

बोट पलीकडे लागेपर्यंत भाची खाली पाण्याकडे पाहत होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे असे वाटून मी जवळ गेले, तर ती हसत होती. “एक नंबरची बोट, मावशी! मला कळायला हवं होतं. किनाऱ्याला रस्ता एकच आहे, दिसणार नाही तर काय!”

मालगुंडला केशवसुतांच्या जन्मघरी पायऱ्यांवर दहा मिनिटे बसलो, गणपतिपुळ्याला मोदक खाल्ले, आणि उजेड असताना रत्नागिरी गाठली.

दिवस सहावा : थिबा राजवाडा

नशिबाने पलतडीला आणून सोडलेला माणूस पाहायचा असेल तर रत्नागिरीच्या टेकडीवरचा हा लाल राजवाडा पाहावा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याने 1885 साली इंग्रजांपुढे शरणागती पत्करली आणि पुढच्याच वर्षी त्याला, राणी सुपयालतला आणि मुलींना रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले. राजवाडा तयार झाला 1910 साली. राजा त्यात सहा वर्षे राहिला आणि 1916 साली इथेच वारला. राजवाड्याच्या पश्चिमेच्या सज्जातून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. ज्या दिशेला तो बघत असे तिकडे अरबस्तान होते. ब्रह्मदेश त्याच्या पाठीमागे होता.

राजकन्यांसाठी तोलामोलाचे वर मिळेनात. राजरक्ताचा ब्रह्मी मुलगा इथे कुठून येणार? अखेर थोरल्या राजकन्येचे मन राजवाड्यातल्या गोपाळ सावंत नावाच्या द्वारपालावर जडले. तो विवाहित होता. त्यांना मुलगी झाली, तिचे नाव टुटू. थिबाच्या मृत्यूनंतर राणी 1919 साली ब्रह्मदेशाला परतली, पण थोरली राजकन्या रत्नागिरीला परत आली, ती कायमचीच. टुटू इथेच वाढली, इथेच तिचा संसार झाला, मराठी बोलत, गरिबीत, ती 2000 सालापर्यंत जगली.

ही कथा ऐकणारे बहुतेक जण हळहळतात. राजकन्येने कुठे हात दिला, असे म्हणतात. मला ते पूर्णपणे पटत नाही आणि ती प्रेमकथा म्हणून मिरवावी असेही वाटत नाही, कारण त्यात सावंतांच्या पहिल्या बायकोचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात घर करून राहिली. त्या राजकन्येच्या दृष्टीने रत्नागिरी हीच पलतड होती. तिला पाणी ओलांडून कोणाला शोधायचे नव्हते. पाण्याने तिला आणून टाकले आणि दारात जो उभा होता तो होता.

भाची सज्जात माझ्या शेजारी उभी राहून तिसरी हकिकत सांगत होती. व्हेरोनाला जूलिएटचे म्हणून जे घर दाखवतात, तिथला प्रसिद्ध सज्जा विसाव्या शतकात बसवलेला आहे. तरी त्याखाली प्रेमिकांची गर्दी असते, लोक जूलिएटच्या नावाने पत्रे लिहितात आणि तिथले स्वयंसेवक त्यांना उत्तरे देतात. भाचीने कौलाविषयी दोन पाने लिहिली होती. तीन महिन्यांनी सुरेख अक्षरात उत्तर आले. त्यात देवाचा प्रश्न नीट समजला होता का, अशी विचारणा होती.

“मला तेव्हा राग आला,” ती म्हणाली. “बाईला पलतड म्हणजे काय ते काय कळणार?”

दुपारनंतर दक्षिणेला निघालो. पूर्वी जिथे होड्यांनी पलीकडे जावे लागे तिथे आता बहुतेक ठिकाणी पूल आहेत, त्यामुळे पुढच्या खाड्या मिनिटा-मिनिटात मागे पडल्या आणि त्यांची नावेही धड वाचता आली नाहीत. अंधार पडता पडता घरी पोहोचलो. शेजारच्या वहिनींनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ झाकून ठेवली होती.

दिवस सातवा : कौल

रवळनाथाच्या देवळात सकाळी गर्दी नसते. गुरव आता ऐंशीच्या घरात आहेत; सेवा मुलगा करतो, ते खांबाला टेकून बसतात. भाचीने देवाला नमस्कार केला आणि त्यांच्यापुढे मांडी घालून बसली. चोवीस वर्षांपूर्वी आजीने माझ्या लग्नाचा कौल लावला होता, तो तुम्हाला आठवतो काय, असे तिने विचारले. त्यांनी डोळे बारीक केले. तीन प्रश्न, ती म्हणाली, डावा, डावा, उजवा. पाण्याच्या पलतडी.

“तो आठावता,” ते म्हणाले. “उजवी पाकळी पडूक लय येळ लागलो. समईत दोनदा तेल घातलंय.” मग ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. “पण अगो, धा वर्सांच्या चेडवाच्या लग्नाचो कौल कोण लावता? तां गाऱ्हाणां तुझ्यासाठी न्हय. तां ह्या बाईंसाठी.”

मी उभी होते, ती उभीच राहिले.

“तुमच्या आवशीन माका सांगितल्यान,” ते सावकाश म्हणाले, “बाईंक कळला तर ती परत देवळात येवची नाय. नातीचा नाव सांगूया. तुमी थंय भायर वडाखाली हातांची घडी घालून उभी होतास.”

होते. मला तो दिवस स्वच्छ आठवला. माझ्या लग्नासाठी कुठल्याही देवाला, ज्योतिषाला किंवा मध्यस्थाला विचारायचे नाही, असे मी आईला निक्षून सांगितले होते. मी तेव्हा 34 वर्षांची होते. म्हणून दहा वर्षांच्या मुलीसाठी असले प्रश्न विचारतात याचा मला संतापच आला होता आणि तो दाखवण्यासाठी मी बाहेर उभी होते. तिसरा प्रश्न आईने का विचारला, तिच्याकडे पलतडीहून कोणाचे बोलणे आले होते काय, हे सांगायला ती आता नाही. त्यानंतर तीन महिन्यांत मी संस्थेकडून बदली मागून घेतली आणि ठाण्याला गेले.

भाची देवळाच्या पायरीवर बसून हसत होती. डोळे पुसायची आणि पुन्हा हसायची. “सहा वर्षं, मावशी! इटालियन भाषा शिकले मी! माझं घरभाडं कोण भरून देणार?” मग ती गप्प झाली, उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “सुरंगीचा वळेसर.”

“तो हजेरीपटात होता,” मी म्हणाले. “शाळेचे दप्तर होते ते.”

“लाल शाई,” ती म्हणाली.

दुपारी आम्ही खाडीवर गेलो. मी जायचे ठरवले नव्हते. पाय तिकडे गेले, आणि भाचीने वाटेत एक शब्दही बोलायचा नाही असे ठरवलेले दिसत होते. सुकती लागली होती. धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांना शेवाळ चिकटले होते, त्याखाली ओला, चकाकणारा चिखल, त्यात खेकड्यांची बारीक भोके, आणि पंधरा-वीस पावलांवर गुडघाभर पाण्यात उभी असलेली होडी. जुन्या तांडेलाचा मुलगा आता होडी चालवतो. पलतडीचे चित्रकलेचे सर अजून आहेत काय, असे भाचीने त्याला विचारले. मला अडवायला वेळ मिळाला नाही.

“असत तर! माका शाळेत तेच होते. संध्याकाळचे फाटकाशी कागद घेवन बसतत, ह्याच खाडीची चित्रां काडतत.” त्याने आम्हां दोघींकडे आळीपाळीने पाहिले. “पलतड येतास?”

त्यांच्या घरी आणखी कोण असते हे विचारण्याचा धीर मला झाला नाही, आणि भाचीने तोंड उघडताच मी तिचा दंड धरला. समोरचा काठ फार दूर नाही. माडांच्या खोडांमधून कौलारू छपरे दिसतात, कोणाच्या तरी अंगणात वाळत घातलेले पांढरे धोतर दिसते. ज्या काळात मी हजेरीपट लिहीत असे त्या काळात इतक्या जवळून कोणी उशिरा कसे येते याचे मला नेहमी नवल वाटे.

मी चपला काढून हातात घेतल्या. चिखल थंड होता आणि तो पोटरीपर्यंत आला. होडीच्या काठाला धरून मी तांडेलाला विचारले की, शेवटची होडी अलीकडे किती वाजता परत येते.

“सहाक,” तो म्हणाला. “पण सुकती असली तर उशीर जाता.”